गाडीचे मागचे शॉकअप घरी बदलायचे असतील तर

गतिरोधकावरून गाडी उतरली की तिचा मागचा भाग एकदा खाली बसावा, वर यावा आणि थांबावा. आमची गाडी तीन-तीनदा डुलू लागली आणि मागे बसलेल्या आईला हातखंब्याच्या उतारावर मळमळू लागले, तेव्हा मी पहिल्यांदा चाकामागे वाकून पाहिले. डावा शॉकअप, म्हणजे धक्के जिरवणारा शॉक ॲब्सॉर्बर, तेलाने माखला होता. त्या तेलावर रस्त्याची धूळ बसून काळा लेप तयार झाला होता.

तेव्हापासून आमच्या आणि शेजाऱ्यांच्या मिळून पाच गाड्यांचे मागचे शॉकअप मी अंगणात बदलले. काम अवघड नाही. दोन-तीन पाने, एक सुट्टीचा दिवस आणि धीर एवढ्यावर होते. पण ते बेसावधपणे करण्यासारखे नाही, कारण गाडीचा निम्मा भाग हवेत असतो आणि आपला हात, खांदा, कधी डोकेही तिच्याखाली असते. म्हणून पाना हातात घेण्याआधी दर वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: आत्ता वजन कशावर आहे? पुढे सांगितलेले जवळजवळ सगळे याच प्रश्नाचे उत्तर आहे.

आधी दोष नक्की करा

शॉकअप गाडीचे वजन उचलत नाही. ते काम स्प्रिंगचे. खड्ड्यात चाक गेले की स्प्रिंग दबते आणि मोकळी सोडली तर बराच वेळ उड्या मारत राहते. शॉकअपमधला दट्ट्या तेलातून बारीक छिद्रांवाटे सरकतो, त्या उड्यांची शक्ती तेलात उष्णता होऊन जिरते आणि गाडी थांबते. त्यामुळे शॉकअप पूर्ण मेला तरी उभी गाडी खाली बसत नाही. तुमची गाडी एका बाजूला खाली झुकलेली दिसत असेल तर स्प्रिंग तुटली किंवा थकली आहे, आणि नवा शॉकअप टाकून ती सरळ होणार नाही.

तपासायला डिकी आधी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, टॉमी, पाण्याच्या बाटल्या, सगळे बाहेर. मागून येणारी ‘खटखट’ निम्म्या वेळा सैल पडलेल्या जॅकची असते, आणि लोक त्यापायी शॉकअप बदलून बसतात. सायलेन्सर टांगणारी रबरेही हाताने हलवून बघा. मग मागच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी तीन-चारदा दाबा आणि खाली असताना सोडा. वर येऊन थांबली तर ठीक. पुन्हा खाली-वर होत राहिली तर शॉकअप गेला. मात्र या चाचणीत पास झालेला शॉकअप चांगलाच असतो असे धरू नका. हळूहळू अशक्त होत गेलेला शॉकअप हाताच्या दाबाला फसवतो आणि महामार्गावर उघडा पडतो.

डोळ्यांनी पाहायचे ते तेल. वरच्या भागावर हलका ओलसर थर असणे चालते, कारण दांडा आत-बाहेर करताना सीलमधून थोडे तेल अंगावर घेतोच. नळी खालपर्यंत ओली असेल किंवा थेंब लोंबत असेल तर तो संपला. टायरवरून तळवा गोल फिरवा. ठराविक अंतरावर उंचवटे-खोलगट लागले तर चाक रस्त्यावर नीट टेकत नव्हते, उडत होते. खालच्या डोळ्यातले, म्हणजे बोल्ट जातो त्या गोल कडीतले, रबरी बुश फाटले असेल तर तेल न गळताही आवाज येतो, आणि बहुतेक शॉकअपमध्ये हे बुश सुटे मिळत नाही.

तुमच्या गाडीत कोणती रचना आहे

हा लेख ज्या गाड्यांत मागची स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे बसवलेले असतात त्यांच्यापुरताच आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत, म्हणजे स्विफ्ट, बलेनो, आय१०, आय२०, पोलो, इटिऑस वगैरेंत, मागची दोन्ही चाके एका आडव्या बीमला जोडलेली असतात. त्याला टॉर्शन बीम म्हणतात. बीमवर एका खोबणीत जाड स्प्रिंग बसते आणि तिच्या शेजारी किंवा मागे शॉकअप उभा असतो. टॉर्च घेऊन चाकामागे पाहा. स्प्रिंग शॉकअपच्या भोवती गुंडाळलेली असेल तर इथेच थांबा आणि गॅरेज गाठा. दाबलेल्या स्प्रिंगचा नट अवजाराशिवाय सोडला तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. ते काम अंगणातले नाही.

वरचा जोड दोन प्रकारचा असतो. काही गाड्यांत शॉकअपचा दांडा डिकीच्या बाजूला वर येतो आणि तिथे आतल्या आच्छादनामागे एका टोपणाखाली नट असतो. काहींत वरची पाटी दोन बोल्टांनी चाकाच्या कमानीत खालूनच कसलेली असते. सामान आणण्याआधी आपली कोणती ते बघून ठेवा.

सामान

शॉकअप नेहमी जोडीने बदलायचे. एक नवा आणि एक थकलेला असेल तर गाडी वळणावर दोन बाजूंनी दोन तऱ्हेने वागते. दुकानात गाडीचे नाव सांगून भागत नाही. त्याच नावाच्या गाडीच्या दोन पिढ्यांचे शॉकअप वेगळे असतात, म्हणून आर.सी. बुकवरचा चेसिस नंबर द्या. कंपनीचा अस्सल भाग घ्या किंवा गॅब्रिएल, मोन्रो, केवायबी यांसारख्या नावाजलेल्या कंपनीचा. गॅब्रिएलचा कारखाना तर आपल्याच पुणे-नाशिक रस्त्यावर कुरुळीला आहे. बिलाशिवाय अर्ध्या किमतीत मिळणारा डबा घेऊ नका. सोबत दांड्यावरचे रबरी बंपर, धुळीचे आवरण आणि नवे नट घ्या. नायलॉनची कडी असलेला नट एकदा सोडला की त्याची पकड कमी होते, तो परत वापरायचा नाही.

अवजारांत: गाडीतला जॅक, दुसरा एक हायड्रॉलिक जॅक, उचललेली गाडी पेलून धरणारे दोन जॅक स्टँड, १२ ते १९ पर्यंतचे रिंग पाने आणि गोटी पाने, चाकाचा पाना, लांब दांडा, हातोडी, वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, मोजपट्टी, आणि मिळाला तर टॉर्क पाना, म्हणजे नट ठरलेल्या मापाइतकाच कसता येतो तो. मारुतीच्या चाकांचे नट १९ चे आणि ह्युंदाईचे २१ चे असतात, हे पाना विकत घेताना लक्षात ठेवा.

जॅक स्टँडबद्दल मी थोडा हट्टाने बोलणार आहे. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, पेलण्याचे नाही. हायड्रॉलिक जॅकचे एक सील गेले की तो सूचना न देता बसतो. आमच्या कोकणात प्रत्येक घराशेजारी जांभ्या चिऱ्यांची रास असते आणि ‘चार चिरे रचले की झाले’ असे कुणीतरी म्हणतेच. जांभा कुऱ्हाडीने तासता येतो, टोकदार वजनाखाली तो अचानक फुटतो. विटा आणि सिमेंटचे पोकळ ठोकळेही तसेच. स्टँडची जोडी नसेल तर शेजाऱ्याकडून, पंक्चरवाल्याकडून मागून आणा, आणि तोवर काम सुरू करू नका.

आदल्या संध्याकाळी

दोन कामे उरका. पहिले, वरचे आणि खालचे नट-बोल्ट वायर ब्रशने घासा आणि त्यांवर स्प्रे मारून ठेवा. समुद्राकाठच्या गाडीला हे दोन संध्याकाळी करा. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून बोल्ट बुशच्या आतल्या नळीत चिकटवून टाकतात.

दुसरे काम जवळपास कुणीच करत नाही आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. गाडी सपाट जागेवर रिकामी उभी असताना मागच्या चाकाच्या मधोमध असलेल्या बिंदूपासून थेट वर, कमानीच्या कडेपर्यंत किती अंतर आहे ते मोजून लिहून ठेवा. दोन्ही बाजूंचे. या आकड्याचा उपयोग पुढे येईल.

गाडी उचलणे

सपाट, टणक जमीन हवी. शेणाने सारवलेले किंवा पावसाने भिजलेले अंगण चालणार नाही, स्टँडचे पाय रुततात. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’ मध्ये, आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. नवख्यांची इथे हमखास चूक होते: ते हँडब्रेक ओढतात आणि निर्धास्त होतात. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. मागची चाके हवेत गेली की तो गाडीला अजिबात धरत नाही. गाडीला जागेवर ठेवणारे फक्त पुढची चाके आणि ते ठोकळे.

चाकांचे नट जमिनीवरच पाव फेरा सैल करा. मग एकेका बाजूने उचलून दोन्ही मागच्या बाजू स्टँडवर ठेवा. स्टँड दाराखालच्या पट्टीवर, जिथे दोन खाचा दिसतात तिथेच. पुस्तिकेत चित्र असते. एकच बाजू उचलली तर बीम पिळलेला राहतो आणि खालचा बोल्ट निघता निघत नाही, म्हणून दोन्ही बाजू वर हव्यात. बीमच्या मध्यभागी जॅक लावू नका, पुस्तिकेत स्पष्ट सांगितले असेल तरच लावा. पत्र्याचा तो बीम वाकू शकतो.

आता चाके काढा आणि एकेक चाक दाराखाली आडवे सरकवून ठेवा. स्टँड सटकलाच तर गाडी चाकावर पडेल, तुमच्यावर नाही. यानंतर गाडीला बाजूने जोरात ढकला. हलायची असेल तर तुम्ही बाहेर असताना हलू दे. घरातले कुणीतरी हाकेच्या अंतरावर असावे, आणि मुले-मांजरे आत.

जुना काढणे

इथे परत तोच प्रश्न. वजन स्टँडवर आहे. पण बीम हवेत लोंबतो आहे, आणि त्याला आणखी खाली जाण्यापासून शॉकअपने अडवले आहे. शॉकअप काढला तर बीम धपकन खाली जाईल, स्प्रिंग खोबणीतून निसटेल आणि सगळा ताण ब्रेकच्या रबरी नळीवर आणि एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, वायरवर येईल. म्हणून बोल्टला हात लावण्याआधी दुसरा जॅक स्प्रिंगच्या बैठकीखाली लावा आणि शॉकअप किंचित दबेल एवढाच बीम वर घ्या. दोन्ही बाजूंचे शॉकअप एकाच वेळी सोडू नका. एक बाजू पूर्ण झाल्यावर दुसरी.

वरचा नट आधी. डिकीतला प्रकार असेल तर नट फिरवताना दांडाही सोबत फिरतो. दांड्याच्या टोकाला पाना बसेल अशा दोन सपाट कडा असतात, त्या छोट्या पान्याने धरा. दांडा पकडीने किंवा व्हाइस ग्रिपने कधीही पकडू नका. जुन्याच्या बाबतीत फरक पडत नाही, पण तीच सवय नव्यावर गेली तर एका ओरखड्याने सील फाटते. रबरे आणि वायसर कोणत्या क्रमाने निघाले त्याचा फोटो काढून ठेवा. मी अजूनही काढतो.

मग खालचा बोल्ट. नट निघाला आणि बोल्ट अडला तर ठोकायची घाई नको. बीमखालचा जॅक अर्धा सेंटिमीटर वर-खाली करून पाहा. एका ठिकाणी बोल्टवरचा आडवा दाब शून्य होतो आणि तो बोटांनी सरकतो. ती जागा सापडली की बरे वाटते. तरीही गंजाने धरला असेल तर स्प्रे मारा, पान्याने थोडा मागे-पुढे फिरवा, जुना नट टोकाशी सपाट लावून त्यावर हलके ठोका, म्हणजे आटे खराब होणार नाहीत. गॅसची शेगडी किंवा ब्लो टॉर्च नको. आत दाबाखालचे तेल-वायू आणि बाहेर रबर, शेजारी पेट्रोलची टाकी. तासाभराने हलला नाही तर मिस्त्रीला बोलवा, त्यात कमीपणा नाही.

जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवून खालचा डोळा, वरचे आटे, पाटीची भोके जुळतात का बघा. लांबी मोजताना दोन्ही पूर्ण ताणलेल्या अवस्थेत मोजा.

नवा बसवणे

खोक्यात आडवा पडून आलेल्या शॉकअपच्या आतल्या नळीत हवा शिरलेली असू शकते. तो बसवायच्या स्थितीत उभा धरा, पूर्ण दाबा, पूर्ण ताणा, असे चार-पाच वेळा करा. सुरुवातीला मधेच एक रिकामी जागा जाणवते, मग हालचाल सलग जड होते. ती सलग झाली की हवा निघाली. यानंतर बसवेपर्यंत आडवा ठेवू नका. गॅसचा असेल तर दाबून पट्टी बांधलेला येतो, ती पट्टी वरचा नट लागेपर्यंत कापू नका.

दांड्यावर बंपर आणि धुळीचे आवरण चढवा, जुन्या फोटोप्रमाणे रबर-वायसर लावा, वरचे टोक जागेवर घाला आणि नट हाताने फिरवा. मग खालचा डोळा जागेवर आणा, जॅकने बीम हळूहळू वर-खाली करून भोके जुळवा आणि बोल्ट घाला. बोल्टही सध्या हातानेच. वरचा नट आता कसायला हरकत नाही. रबरे वायसरच्या बाहेर फुगेपर्यंत आवळायचा नाही, पुस्तिकेतल्या मापापर्यंतच.

खालचा बोल्ट मात्र अजून कसायचा नाही. माझी पहिल्या वेळची चूक ती हीच. गाडी हवेत असताना, हाताला सोयीचे होते म्हणून, मी तो पूर्ण आवळला. सहा-सात महिन्यांत दोन्ही बुश फाटली आणि खटखट परत सुरू झाली. शॉकअप चांगले होते, मी त्यांना बिघडवले होते.

कारण समजून घ्या. बुशमध्ये आत एक लोखंडी नळी असते, बाहेर डोळ्याची कडी, आणि मधे दोघांना चिकटलेले रबर. बोल्ट कसला की आतली नळी जागेवर जखडते. त्यानंतर बीम वर-खाली होताना नळी फिरत नाही, रबर पिळते. बीम लोंबत असताना बोल्ट कसलात तर रबराची आरामाची अवस्था ती लोंबती होते. गाडी जमिनीवर उतरली की रबर कायमचे पिळलेले राहते, गाडी उभी असतानाही. ते फाटणारच.

म्हणून आता तो लिहून ठेवलेला आकडा काढा. बीमखालच्या जॅकने बीम वर उचलत जा, चाक बसते त्या चकतीच्या मध्यबिंदूपासून कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर आदल्या दिवशीच्या आकड्याइतके होईपर्यंत. हलक्या गाडीत त्या उंचीवर पोचेतो गाडी स्टँडवरून उचलली जाऊ पाहते. नजर स्टँडवर ठेवा, आणि तसे वाटले तर त्याआधीच थांबा. गाडीखाली शरीर न नेता, चाकाच्या रिकाम्या जागेतून हात घालून खालचा बोल्ट मापाने कसा. आकडा गाठता आला नाही तर बोल्ट बेताचा लावून ठेवा, चाके लावा, गाडी चारही चाकांवर उतरवा आणि मागून हात पोचत असेल तिथून, नाहीतर गॅरेजच्या खड्ड्यावर नेऊन, शेवटचा कस द्या. तिथपर्यंत सावकाश जायचे.

बोल्ट किती कसायचा याचे माप प्रत्येक गाडीचे वेगळे असते. ते त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, दुसऱ्या गाडीच्या अंदाजाने नको.

दुसऱ्या बाजूला हेच सगळे पुन्हा. पहिल्या बाजूला दोन तास लागले तर दुसरीला पाऊण तास लागतो.

उतरवल्यावर

चाके लावा, नट हाताने पूर्ण बसवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने कसा. शेवटचा कस चाक जमिनीवर आल्यावर. छोट्या गाड्यांत तो साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, तुमचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहा. पान्यावर उभे राहून कसू नका. पुढे पावसात रस्त्याकडेला पंक्चर काढताना तो नट तुमच्याच घरच्यांना सोडायचा असतो.

पहिली फेरी गल्लीतच, काच खाली करून, गतिरोधकावरून हळू. नव्या शॉकअपने गाडी थोडी कडक वाटेल, ती दोन-तीन दिवसांत अंगवळणी पडते. टणटण आवाज आला तर बहुधा वरचा नट कमी कसला गेला आहे. अलाइनमेंट करावीच लागेल असे दुकानात सांगतील. या रचनेत शॉकअप बदलल्याने चाकांचा कोन बदलत नाही, त्यामुळे फक्त एवढ्यासाठी ती गरजेची नाही. टायर आधीच खाल्ले गेले असतील तर गोष्ट वेगळी.

शंभरेक किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट पुन्हा तपासा, टॉर्चने दोन्ही शॉकअप कोरडे आहेत का बघा, आणि ब्रेकची नळी, एबीएसची वायर आपापल्या क्लिपमध्ये बसली आहे याची खात्री करा. जुने शॉकअप भंगारवाल्याला देताना आत दाब असू शकतो हे त्याला तोंडाने सांगा. ते कापताना किंवा आगीत टाकताना दुखापत होते, आणि त्याला ते कुणी सांगितलेले नसते.